डेड स्टॉकमधले बारा घड

"केळी दाखवा," बडे बाबू म्हणाले. "नाहीतर फाईल आगे नही जाएगी."

बडे बाबू म्हणजे आमच्या बुऱ्हाणपूरच्या कॉलेजचे हेडक्लार्क. समोर वर्षा उभी होती. पीएच.डी.ची विद्यार्थिनी, तुकईथडची, विषय केळी पिकण्याचा. केळी दोन वर्षांपूर्वी घेतलेली.

"सडून गेली ना ती," वर्षा म्हणाली. "सडवायचीच होती. वही तो प्रयोग होता."

"रेकॉर्डमध्ये आहेत ना? मग हाजिर करा."

रेकॉर्ड माझं. मी तिथे स्टोअरकीपर होतो. आमच्याकडे दोन रजिस्टरं. एकात खडू, ॲसिड, कापूस, म्हणजे वापरून संपणारा माल. दुसरं डेड स्टॉक, त्यात पंखे, कपाटं. डेड स्टॉकमध्ये चढलेली वस्तू मागतील तेव्हा दाखवावी लागते, आणि मोडीत काढायची तर तीन बोलीवाल्यांसमोर लिलाव करावा लागतो. केळीचे बारा घड नेमके पंख्यांच्या खाली लिहिलेले. आधी मी पोरीलाच चार शब्द सुनावले. मग अक्षर माझंच निघालं. दोन वर्षांपूर्वी घड आले तेव्हा डेड स्टॉकचं रजिस्टर हाताशी होतं, दुसऱ्यासाठी खुर्चीतून उठावं लागलं असतं.

वर्षाच्या फेलोशिपचा शेवटचा हप्ता या फाईलवर अडला होता. फाईल त्याच दिवशी तीनच्या डाकेनं युनिव्हर्सिटीला गेली नाही, तर हप्ता लॅप्स, म्हणजे कायमचा बुडाला.

"काका, मग मला शाळेत नोकरी धरावी लागेल," ती म्हणाली. "एकदा लागले ना, तर थिसिस अधूराच राहून जाईल."

मला खरंच लाज वाटली. मी प्रयोगशाळेतून वाळलेल्या सालींची बरणी आणली. बारा घडांपैकी तेवढंच उरलं होतं.

केळी दाखवता येत नव्हती, तेव्हा साली लिलावात मोडीत काढायच्या ठरवून बोलीवाले तीन जमवले: वॉचमन, कॅन्टीनवाला भास्कर आणि माळी सुपडू. ठरलं असं की वॉचमन एक रुपया म्हणेल, भास्कर दोन, सुपडू तीन, आणि साली खताला जातील. दोन मिनिटांचं काम.

एक, दोन, तीन झालं. मी "तीन रुपये एक वार" म्हटलं आणि भास्कर ओरडला, "चार!"

"अरे, तुला काय करायच्यात साली?"

"मालूम नही साहेब. पन हा तीनमधी कसा नेऊ राहिला?"

भास्कर रोज सकाळी केळीच्या मंडीत बोली लावून कॅन्टीन उघडणारा माणूस. सुपडूही पेटला. "दहा!" "पंधरा!" बडे बाबूंनी खुर्ची पुढे ओढली. फिजिक्सचे सर डोकावले, "माल कुठला आहे?" विचारलं आणि उत्तराआधीच वीस म्हणाले. वॉचमन पूर्ण जागा झाला. पावणेतीन वाजले, बोली पन्नाशीला टेकली. मी हातापाया पडलो, पण आमच्या गावात केळीची बोली अर्धी सोडत नाहीत. बरणीत केळं नाही, हे कुणाच्या ध्यानातच नव्हतं.

वर्षानं टेबलावर हात आपटला. "एकशे एक! एक वार, दोन वार, तीन वार! काका, लिहा!"

मी लिहिलं. बडे बाबूंनी सही ठोकली. फाईल डाकेत पडली तेव्हा तीनला दोन मिनिटं होती. एकशे एक रुपये मी माझ्या खिशातून भरले.

हप्ता आला, थिसिस छापून झाला, वर्षा डॉक्टर झाली. पेढ्यांऐवजी तिनं केळीचा घड आणला. मी आधी दोन्ही रजिस्टरं कपाटात कोंडली, मगच केळं सोललं.

आता रिटायर झालोय. नवा स्टोअरकीपर कधी भेटला, तर एवढंच सांगतो: बाबा रे, बरोबर रजिस्टर लांब असलं, तर उठावं.