एकशे चाळीस मेलचा सारांश

आमच्या बिल्डिंगची सेक्रेटरी मी कशी झाले ते आधी सांगते, म्हणजे पुढचा वैताग कळेल. वार्षिक सभेत निवड चालू असताना मी पाणी प्यायला घरी गेले. परत आले तेव्हा टाळ्या वाजत होत्या.

नवीन पनवेलमधली ही जुनी वसाहत, तळमजला अधिक तीन. लिफ्ट नाही. मी दुसऱ्या मजल्यावर, आणि माझ्या बरोबर वर एक निवृत्त हेडमास्तर आणि त्यांची बायको. त्यांना सगळे सर आणि काकू म्हणत. काकू आदल्या वर्षी बाथरूममध्ये घसरल्या, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. स्ट्रेचरवरून वर गेल्या त्या परत खाली आल्याच नाहीत. दहा महिने! पूर्वी रोज सकाळी गेटवर उरणकडच्या कोळणीशी त्यांची हुज्जत ऐकू यायची. कल्ले उघडून बघितल्याशिवाय त्या मासा टोपलीतून उचलत नसत. आता मासे सर आणायचे आणि वरून काकूंचा आवाज यायचा, "हे पापलेट? याच्यापेक्षा चप्पल शिजवली असती." लिफ्टचा विषय निघाला तो त्यांच्यासाठी. काकू खाली आल्या पाहिजेत, एवढीच गोष्ट होती.

एवढ्याशा गोष्टीचा आमच्या लोकांनी जो चोथा केला, त्याला तोड नाही. पहिल्या मजल्यावरच्या एका सदस्यांनी आयुष्यभर सरकारी फायली सांभाळल्या होत्या. त्यांनी आग्रह धरला की चर्चा रेकॉर्डवर हवी, म्हणजे मेलवर. फोनवरचे ग्रुप तेव्हा अजून घरोघरी पोचले नव्हते. मी सोसायटीचा मेल ग्रुप काढला आणि पहिला मेल टाकला, विषय 'टाकी सफाई, गुरुवारी पाणी नाही'. त्यालाच कोणीतरी उत्तर दिलं की पाण्याचं असू दे, लिफ्टचं काय झालं. झालं! पुढचे चार महिने लिफ्टची चर्चा टाकी सफाईच्या नावाखाली चालली. मी तीन वेळा नवा विषय काढून दिला. तीनही वेळा सगळे गुमान टाकीत परत गेले.

कंत्राटदाराने दोन नकाशे दिले होते. एकात लिफ्ट मागच्या अंगाला, गॅलऱ्यांना लागून, म्हणजे थेट मजल्यावर उघडणारी. दुसऱ्यात ती जिन्याच्या बाजूला, दोन मजल्यांच्या मधल्या वळणावर उघडणारी, तिथून पुढे नऊ पायऱ्या. मागच्या लिफ्टने चार घरांच्या कपडे वाळत घालायच्या दोऱ्या जाणार होत्या. त्या दोऱ्यांवर चाळीस मेल आले. चाळीस! विमानतळ आला की फ्लॅटचे भाव कुठल्या कुठे जातील, यावर वीस. एका गृहस्थांनी कर्नाळ्याला काढलेला पक्ष्याचा फोटो सगळ्यांना पाठवला, त्यावर अकरा जणांनी 'वा' लिहिलं. आणि प्रत्येक मेलच्या पोटात आधीचे सगळे मेल. मी ऑफिसमधून दमून यायचे आणि चहा गार होईपर्यंत 'वा' वाचत बसायचे.

आमचे चेअरमन इथल्याच गावातले. शेती वसाहतीत गेली, आता रेती-सिमेंटचा धंदा. ते मेल बघतच नसत. जिन्यात भेटले की म्हणायचे, "मॅडम, ता मेल-बील नको. तुमी दारोदार जा ना. सोळा बिऱ्हाडं तर हायेत, एका संध्याकाळचा काम हाय. आमी पन येतो संगती."

मी म्हणायचे, बघते. मनात म्हणायचे, यांना काय कळतंय.

कारण मला कळत होतं ना! मी बेलापूरच्या एका कंपनीत नोकरीला होते आणि आमच्या टीमचं कामच हे होतं: गिऱ्हाइकांच्या तक्रारींचे लांबलचक मेल घ्यायचे आणि आपोआप त्यांचा सारांश काढणारा प्रोग्रॅम लिहायचा. त्या प्रोग्रॅमला अर्थबिर्थ काही कळत नसे. तो शब्द मोजायचा. जे शब्द पुन्हा पुन्हा येतात ते महत्त्वाचे, ते ज्या वाक्यात जास्त ते वाक्य महत्त्वाचं, ते ठेवायचं. बाकीचं टाकायचं. जुन्या मेलची पुनरावृत्ती कापायची. आणि सही आली की तिच्या खालचं सगळं उडवायचं, कारण ऑफिसच्या मेलमध्ये सहीखाली पत्ता, हुद्दा आणि 'कागद वाचवा' याखेरीज काही नसतं. हा सहीचा नियम मी स्वतः लिहिला होता. साहेबांनी मीटिंगमध्ये त्याचं कौतुक केलं होतं.

एका शनिवारी मी आमचे एकशे चाळीस मेल त्यात ओतले. मराठीसाठी थोडी डागडुजी केली. 'कळावे', 'आपला नम्र' असं काही दिसलं की सही आली असं समज, म्हणून सांगितलं. ही डागडुजी खरं तर एकट्या सरांसाठी होती. बाकीचे इंग्रजी अक्षरांत काहीतरी खरडायचे, सर मात्र मेलसुद्धा पोस्टकार्डासारखा लिहीत. सप्रेम नमस्कार विनंती विशेष. मग हवापाणी, मग कमिटीच्या कष्टांबद्दल आभार, मग कळावे, लोभ असावा ही विनंती. मला त्यांचे मेल बघूनच जांभई यायची.

मिनिटभरात पाच ओळी आल्या. लिफ्ट हवी यावर एकमत. मागच्या बाजूला दोऱ्यांमुळे विरोध. जिन्याच्या बाजूला कोणाचीही हरकत नाही. मी ते कमिटीला पाठवलं आणि सगळ्यांनाही पाठवलं. पहिल्या मजल्यावरच्या फाईलवाल्यांनीसुद्धा 'उत्तम' लिहिलं. मी अशी फुगले की विचारू नका. नऊ पायऱ्यांचा प्रश्न माझ्या मनात आला नाही असं नाही. पण जिन्यात सर भेटायचे तेव्हा म्हणायचे, सुधारणा आहे, वॉकर धरून चालते. वॉकर आहे, मग नऊ पायऱ्यांचं काय एवढं, असं आम्ही सगळ्यांनीच धरून चाललो.

लिफ्ट झाली. नारळ फुटला, पेढे वाटले. पहिली फेरी काकूंची, असं मीच जाहीर केलं होतं, म्हणून आम्ही सात-आठ जण जिन्यानेच वर गेलो आणि त्यांच्या दारात उभे राहिलो. सरांनी दार उघडलं. काकू हिरवी साडी नेसून, गजरा माळून तयार होत्या. चाकाच्या खुर्चीत.

हे आम्हाला कोणालाच माहीत नव्हतं. वॉकर पावसाळ्यातच सुटला होता. पाय वजनच घेत नव्हता.

काकूंनी स्वतः चाकं फिरवत खुर्ची उंबऱ्याबाहेर काढली आणि समोर बघितलं. "अगं, पण लिफ्ट कुठाय?"

मी खाली बोट दाखवलं. त्यांनी पायऱ्या बघितल्या, मग त्यांच्या खाली, वळणावर, ते झेंडूचं तोरण लावलेलं दार बघितलं.

चेअरमन पुढे झाले. "काकी, आमी चौघं हाव ना. खुर्चीसकट उतरवतो."

"नको," काकू म्हणाल्या. "गोणीसारखी नाही जायची मी."

त्यांनी खुर्ची मागे घेतली. लोक पेढ्यांचे बॉक्स घेऊन मुकाट खाली गेले. मला सरांचा असा काही राग आला, की मी तिथेच त्यांच्यावर तोंड टाकलं. "सर, चार महिने चर्चा चालली होती. एक शब्द का बोलला नाहीत?"

सर शांतपणे म्हणाले, "लिहिलं होतं मी. तुमच्या सारांशात आलं नाही, तेव्हा वाटलं, कमिटीने विचार करूनच बाजूला ठेवलं असेल. एकदा लिहिल्यावर पुन्हा काय तगादा लावायचा? हिला सांगायचा मात्र धीर झाला नाही."

मी तणतणत खाली गेले, लॅपटॉप उघडला. सरांचा एकच मेल होता लिफ्टवर. हवापाणी, आभार, कळावे, लोभ असावा, नाव. आणि त्याच्या खाली, ता. क.

ताजा कलम! मी हॉस्टेलवर असताना आई मला पत्रं लिहायची. दोन पानं लोणच्याबद्दल आणि शेजाऱ्यांबद्दल, आणि सहीखाली, ता. क. बाबांना चार दिवस दवाखान्यात ठेवले होते, आता घरी आणले आहे, काळजी करू नये. अवघड असेल ते आपल्याकडे तिथेच लिहायचं, सगळं गोड बोलून झाल्यावर. मी पत्र हातात पडलं की आधी शेवट वाचायचे. ही सवय असलेल्या मुलीने सहीखालचं सगळं उडवायचा नियम लिहिला होता आणि त्यावर कौतुक करून घेतलं होतं. माझी मलाच लाज वाटली.

लॅपटॉप तसाच उघडा घेऊन मी वर गेले. सरांची माफी मागितली. ते "असू दे, असू दे" म्हणत होते. काकू खिडकीशी बसल्या होत्या, गजरा काढून मांडीवर ठेवलेला.

"काय लिहिलं होतं यांनी?" त्यांनी विचारलं. "वाच बघू."

मी वाचलं. "ता. क. लिफ्ट मधल्या वळणावर उघडणार असल्यास सौ.ला तिचा उपयोग होणार नाही. तिला एकही पायरी उतरता येत नाही. तथापि इतरांची सोय होत असल्यास आमच्यासाठी अडून राहू नये."

सर भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होते. काकूंनी खुर्ची त्यांच्याकडे वळवली.

"अडून राहू नये," त्या म्हणाल्या. "हे कोणी सांगितलं तुम्हाला? मला विचारलंत?"

मग त्या माझ्याकडे वळल्या. "आणि तू? एवढे मेल पाठवलेस म्हणतेस. मला नाही येत ते वाचता. पण तोंड आहे ना मला? विचारलं असतंस तर म्हटलं असतं, अडून राहा. जाऊ देत त्या दोऱ्या. माझ्यासाठी अडून राहा."

माझ्या दारापासून त्यांच्या दारापर्यंत अठरा पायऱ्या आहेत. त्या चार महिन्यांत मी त्या एकदाही चढले नव्हते.