आईंनी डबा दिला नाही तो दिवस

मी सॉफ्टवेअर टेस्टर. पुरावा दाखवा, मग बोला, हा माझा खाक्या. असले गूढ अनुभव वाचून मी खो-खो हसलेली आहे, हे आधीच कबूल करते...

साल २०१६. डब्लिनमध्ये ग्रँड कॅनाल डॉकजवळ आमचा फ्लॅट. माझ्या नवऱ्याचा, मंदारचा, पायाचा अंगठा युरिक अ‍ॅसिडने टम्म सुजला. जीपीची, म्हणजे तिथल्या फॅमिली डॉक्टरची, अपॉइंटमेंट लवकर मिळेना. सासूबाई, म्हणजे आई, अकोल्याहून सहा महिन्यांची औषधं घेऊन आल्या होत्या, त्यांनाही हाच त्रास. त्यांच्याच पाकिटातली गोळी मी मंदारला रोज द्यायला लागले. आपण सगळे करतोच की हे!

तिसऱ्या आठवड्यात ताप, तोंडभर फोड, मग पाठीची कातडी भाजल्यासारखी सुटायला लागली. गोळीची रिअ‍ॅक्शन, डॉक्टर म्हणाले. आयसीयू, नळीतून अन्न. आईंना कुठल्या तोंडाने सांगणार, तुमच्या गोळीने झालं म्हणून? कावीळ आहे म्हटलं, आणि भेटायला सोडत नाहीत अशी थाप मारली. त्या रोज त्याच्यासाठी मुगाची खिचडी द्यायच्या. डार्टच्या, म्हणजे तिथल्या लोकलच्या, स्टेशनवर बाकावर बसून मीच ती खायचे, रडत रडत, आणि रिकामा डबा घरी न्यायचे.

बाराव्या दिवशी नवी कातडी धरायला लागली होती. सगळे खूश. त्या सकाळी ओट्यावर डबाच नव्हता. आई पोटाशी हात धरून बसलेल्या.

"डबा नोको नेऊ आज," त्या म्हणाल्या. "त्याच्या आतड्याची सालटं निघून राह्यली."

कातडीबद्दल मी घरात अवाक्षर काढलं नव्हतं... मग रागच आला त्यांचा, चांगलं चाललेलं असताना असलं अभद्र बोलल्या म्हणून. हॉस्पिटलमध्ये डॉक्टरीणबाई हसून म्हणाल्या, सगळं ‘ग्रँड’ आहे, म्हणजे तिकडच्या बोलीत उत्तम. पोटाचं विचारायला मी तोंड उघडलं – आणि मिटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी रक्ताचे जुलाब सुरू झाले. आतडं फाटलं होतं. आतलं अस्तरही कातडीसारखंच सोलवटलं होतं म्हणे, फार क्वचित होतं असं. एक दिवस आधी कळतं तर कदाचित, एवढं बोलून सर्जन थांबला. मंदार गेला.

तेराव्यानंतर आईंना विचारलं, कसं कळलं तुम्हाला? "डाळ धुता धुता हातालेच समजलं," म्हणाल्या. बस्स.

त्याचं स्पष्टीकरण माझ्याकडे आजही नाही. डॉक्टरांना मी का विचारलं नाही, याचं मात्र आहे. सासूबाई असं म्हणतात, हे इंग्रजीत सांगायची लाज वाटली मला.