वीस ते पस्तीस

त्या नेटवर्क इंजिनियरचं तोंड आठवलं की आजही माझं डोकं तापतं.

गुढियारीत माझं ट्रान्सपोर्टचं बुकिंग ऑफिस आहे, एका जुन्या ट्रकपासून उभं केलेलं. शेजारच्या गाळ्यात माझा प्रतिस्पर्धी. दोघांचं नेटवर्क एकच, इमारतीच्या मालकाचं. नेटवर्कवर प्रत्येक कॉम्प्युटरला एक नंबर असतो, त्यालाच पत्ता म्हणतात; त्यातले पहिले एकोणीस पत्ते शेजाऱ्याच्या कॉम्प्युटरांना दिलेले होते. मालक म्हणाला, "दीदी, आप बत्तीस से ले लो." मी कशाला ऐकते? मधली जागा सोडली तर उद्या तीही शेजारी बळकावणार. भांडून वीस ते पस्तीस असे सोळा पत्ते घेतले आणि जिंकल्यासारखी घरी गेले.

भाड्याच्या दरांची फाइल सर्व्हरवर होती. फायरवॉलमधून फक्त माझेच सोळा कॉम्प्युटर आत येऊ देत, एवढं इंजिनियरला सांगितलं. पहिल्याच दिवशी चार जणांना फाइल उघडेना. त्याने काहीतरी बदललं आणि सगळं सुरळीत झालं.

मग मोठी गिऱ्हाइकं शेजाऱ्याकडे जायला लागली. त्याचा दर माझ्यापेक्षा जरासाच कमी, दर वेळी. फाइल सांभाळायची माझी बुकिंगवाली. अभनपूरहून रोज बसने यायची, कित्येक वर्षं. भर काउंटरवर, ड्रायव्हर आणि हमालांसमोर मी तिच्यावर ओरडले, "शेजाऱ्याला दर विकतेस? चोर!"

"ताई, काहून असं बोलून राहिल्या?" एवढंच म्हणाली. दुसऱ्या दिवसापासून आली नाही.

दर तरीही फुटतच राहिले. तेव्हा फायरवॉलची नोंद मागवली. रोज सकाळी सतरा नंबरचा पत्ता माझी फाइल उघडत होता. सतरा म्हणजे शेजारी! चार दिवस बसून मी ते मास्कचं गणित शिकले. एका नियमात किती पत्ते एकत्र धरायचे, ते मास्क ठरवतो. पण सोळाचा गट शून्य, सोळा, बत्तीस अशा ठरलेल्या जागीच सुरू होतो. तिथे घासाघीस चालत नाही.

इंजिनियरला बोलावलं. "वीस लिहून सोळाचा मास्क टाकलास. मशीनने कुठून धरलं?"

"सोलह से इकतीस."

"म्हणजे चार माझे बाहेर, चार त्याचे आत. मग दुरुस्ती काय केलीस?"

"मास्क थोड़ा बड़ा कर दिया, दीदी. ज़ीरो से तिरसठ."

"थोडा? अख्खा शेजार घरात घेतलास की रे!"

"बीस की ज़िद तो आपकी थी."

तीन नियमांत काम झालं असतं: विसापासून चार, चोविसापासून आठ, बत्तिसापासून चार. समोर बसून लिहून घेतले आणि त्याला हाकललं. पण जिद्द माझी होती, हे त्याचं वाक्य काही हाकलता आलं नाही.

अभनपूरला गेले. ती बी-बियाण्यांच्या दुकानात कामाला लागली होती. मी म्हटलं, पगार वाढवते, चल.

"पगार नका सांगू, ताई. चारचौघांत चोर म्हणलं ना मले? चारचौघांत परत घ्या."

"इथेच म्हणते."

"इथं नाही. तिथं."

दुसऱ्या सकाळी त्याच काउंटरवर, त्याच ड्रायव्हर आणि हमालांसमोर मी मोठ्याने सांगितलं, हिने काही विकलं नाही, चूक माझी. ती दारात उभी राहून ऐकत होती. शेवटचं वाक्य तिने मला पुन्हा म्हणायला लावलं. मी म्हटलं.

"हव," मान डोलावून ती म्हणाली आणि अभनपूरची बस पकडायला निघून गेली.