तिचं हाय तसंच लिवा

मॅडमनी माझ्या प्रश्नावल्यांचा गठ्ठा टेबलावर पत्त्यांसारखा पसरला आणि विचारलं, "या वेगवेगळ्या बायका आहेत, की एकाच बाईच्या झेरॉक्स?"

मॅडम म्हणजे माझ्या पीएच.डी.च्या गाईड. मी समोर उभीच होते, बसा म्हटलं तरी मला पटकन बसवत नसे. आठवीत शाळा सुटलेल्या बाईला त्यांनी विद्यार्थिनी म्हणून घेतलं, हे उपकारच एवढे होते की त्यांच्यापुढे खुर्चीवर रेलून बसणं जमलंच नाही.

बीड जिल्ह्यातल्या नेकनूरजवळच्या आमच्या वस्तीवरून दरवर्षी दिवाळीनंतर आई-बाप ऊसतोडीला निघायचे. आठवीच्या वर्षी धाकट्या भावाला सांभाळायला म्हणून मीही ट्रॅक्टरमध्ये बसले, ती पुन्हा वर्गात गेलेच नाही. लग्नानंतर नागपूरकडे आले. तिथं मुक्त विद्यापीठाच्या एकेक परीक्षा देत एमबीएपर्यंत पोचले. पुढं पीएच.डी.ला विषयही घेतला तो माहेरचाच : दुष्काळी भागातल्या दूध सहकारी संस्थांच्या व्यवस्थापनात बायकांचा सहभाग. एवढं होऊनही विद्यापीठाच्या जिन्यात शिपायानं ओळखपत्र मागितलं की मी ते दोनदा काढून दाखवायचे. आपल्याला चुकून आत सोडलंय आणि चूक आत्ता यांच्या लक्षात आलीय, असं वाटायचं.

आणि आता खरंच चूक सापडली होती.

त्याचं असं झालं होतं. प्रश्नावल्या भरून घ्यायला मी माहेरच्या दूध संकलन केंद्रावर गेले होते. सकाळची वेळ, हातात किटल्या घेऊन बायांची रांग. रांगेत पहिली उभी होती संस्थेच्या सचिवाची भावजय. मी वाचत गेले, ती सांगत गेली. "संस्थेच्या निर्णयात माझं मत घेतलं जातं." पूर्ण सहमत. "दुधाची प्रत माझ्यासमोर तपासली जाते." पूर्ण सहमत. दुसरीकडं वळले तर ती म्हणाली, "माझं बी तिचं हाय तसंच लिवा." तिसरी म्हणाली, "माझं बी."

आमच्याकडची ती रीतच आहे. टँकरसाठी, चारा छावणीसाठी अर्ज करायचा तर एकीनं लिहून आणायचा, बाकीच्यांनी उतरवून घ्यायचा. एकीचा अर्ज वेगळा निघाला की साहेब चौकशी लावणार आणि सगळ्यांचंच रखडणार. म्हणून शहाणी बाई वेगळं लिहीत नाही. मीही त्याच मातीतली, मला त्यात काही वावगं दिसलं नाही. उलट बाया आपल्यावर एवढ्या विसंबल्या म्हणून ऊर भरून आला, आणि मी खुशाल खुणा करत सुटले.

आकडेवारीच्या प्रोग्रॅमनं मात्र हात वर केले. उत्तरांत फरकच नाही, तर तो कशाचा कशाशी संबंध लावणार?

मॅडम म्हणाल्या, "नोंदणीची ही शेवटची मुदतवाढ आहे. उन्हाळा संपला की संपलं. यापुढे माझ्या हातात काही नाही."

बाहेर आल्यावर बरोबरच्या एका संशोधकानं समजूत काढली. "ताई, घरी बसून थोड्या खुणा इकडंतिकडं करून टाका. दूध केंद्रावरची बाई काय विद्यापीठात तपासायला येणार आहे?"

खोटं कशाला सांगू, दुसऱ्या दिवशी दुपारी मी पेन घेऊन बसले होते. पहिलाच फॉर्म उचलला. खाली संमतीचा अंगठा होता, शाई जरा जास्त झालेली. त्या बाईनं तो पुसायला पदर शोधला होता आणि मग राहू दे म्हणून तसाच ठेवला होता, तेही आठवलं. पेन ठेवलं आणि बीडच्या गाडीचं तिकीट काढायला गेले.

मांजरसुंब्याला उतरले तेव्हा सावली म्हणून धाब्यांच्या पत्र्यांचीच काय ती होती. माहेरी कळलं की दूध केंद्रावर आता रांग नसते. जनावरं छावणीवर, म्हणून बायाही छावणीवर. माळावर हिरव्या जाळ्यांच्या सावल्या, प्रत्येकीची दावण वेगळी, मध्ये नुसती दोरी. मी कोरे फॉर्म घेऊन पोचले तर बायांचे चेहरेच उतरले.

"का गं माय, नामंजूर झाला व्हय आमचा अर्ज?"

"अर्ज नव्हता तो, मावशी. यात मंजूर-नामंजूर काही नसतं."

"मग भरायचा कशाला?"

मी त्या म्हाताऱ्या मावशीच्या म्हशीजवळ बसले. ती वैरण झटकत होती, मीही झटकू लागले. झटकता झटकता म्हणाले, "मावशी, तुम्ही सगळ्यांनी एकसारखं सांगितलं, म्हणून माझं शिक्षण अडकलंय. तुझं तू सांग, एवढंच पाहिजे."

तिनं म्हशीच्या पाठीवर थाप मारली. "माझं मी? तर मग लिव. म्हस माझी, शेण माझ्या हाताला, धार मी काढती. पुस्तकावर नाव मालकाचं, अन् वर्साच्या सभंला जेवायला बी तेच गेलते. मला कुणी इचारलं न्हाई. लिव, न्हाई म्हून."

"पूर्ण असहमत?"

"लई असहमत."

दोरीपलीकडून सचिवाची भावजय ओरडली, "म्हातारे, मी हाय म्हनती बरं का! मला इचारत्यात."

"तुला इचारतीलच की. घरातच सचिव हाय तुज्या!"

सगळी दावण हसली. मग तिसरी म्हणाली, मला फॅटचं मशीन दिसतच नाही, माणूस आडवा उभा राहतो. चौथी म्हणाली, खोटं बोलू नको, तूच मागं गप्पा हाणत बसतीस. पाच दिवस मी दावणीदावणीनं फिरले. बाया एकमेकींना तोडत होत्या, टोमणे मारत होत्या, मधूनच भाकरी माझ्या हातावर ठेवत होत्या. पहिल्यांदाच माझ्या कागदावरच्या खुणा ओळीत उभ्या नव्हत्या. इतकी वर्षं माहेराहून लांब राहिले, पण माहेर म्हटलं की आजही घराआधी तो गलका कानात येतो.

प्रबंध मुदतीत गेला. पहिली फेरी मी गाळणार होते, मॅडमनी गाळू दिली नाही. "चूक केलीत ना? मग ती नीट लिहा." एक अख्खं प्रकरण त्यावरच झालं.

हिवाळ्यात तोंडी परीक्षा झाली. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी नेमकं तेच पान उघडलं. "पहिल्या वेळी बायका खोटं बोलल्या, असं म्हणायचंय का तुम्हाला?"

"नाही सर. दुष्काळात वेगळं बोलणं परवडत नाही, म्हणून त्यांनी एकमेकींना धरून ठेवलं. विचारायची जागा माझी चुकली. रांगेत विचारलं."

त्यांनी काहीतरी लिहून घेतलं आणि मला बाहेर थांबायला सांगितलं. बाकावर बसले तर शिपाई येऊन पंखा लावून गेला, हिवाळ्यात. माझा घाम त्याला दिसला असणार.

अर्ध्या तासानं मॅडम एकट्याच बाहेर आल्या आणि माझ्या शेजारी, त्याच बाकावर बसल्या.

"झालं का, मॅडम?" मी उठू लागले.

त्यांनी माझा हात धरून मला खाली बसवलं. "झालं. आता बसा जरा."