यमनातला तो मध्यम

गुरुजींना अर्धांगवायूचा झटका आला आणि उजवा हात आणि वाचा एकदमच गेली. ज्यांचं व्हायोलिन ऐकायला गावोगावचे लोक यायचे, ते गुरुजी लोणावळ्याच्या घरात खिडकीपाशी खुर्चीत बसून राहिले. आयुष्यभर त्यांनी कितीतरी गती, म्हणजे वाद्यावर वाजवायच्या रचना, बांधल्या होत्या, पण कागदावर एकही नव्हती.

मी बेडसे गावची. बारा वर्षं त्यांच्याकडे शिकले. त्यांच्या मुलाला मी दादा म्हणते. तोही उत्तम वाजवतो. गुरुजींना ऐकू येतंय तोवर एकेक गत त्यांच्यापुढे वाजवायची, लिहून घ्यायची आणि पुस्तक करायचं, असं आम्ही दोघांनी ठरवलं. बरोबर असलं की गुरुजी डाव्या हाताचं बोट उचलायचे. चुकलं की तळवा खुर्चीवर आपटायचे.

काम सुरळीत चाललं होतं. मग यमनची विलंबित गत आली. उतरताना एका जागी मी शुद्ध मध्यमाला हलकासा स्पर्श केला.

दादाने मला थांबवलं. "यमनात शुद्ध मध्यम? यमनाला तीव्रच लागतो. हा सूर ह्या गतीत नाही."

"गुरुजींनी मला असंच शिकवलंय."

"मला तुझ्या आधी शिकवलीय त्यांनी ही गत."

"मग तुम्ही वाजवा."

त्याने तीव्र मध्यम घेऊन वाजवली. गुरुजी हलले नाहीत. मग मी वाजवली. आम्हा दोघांची नजर त्या डाव्या हातावर. बोट वर गेलं.

दादाने व्हायोलिन पेटीत ठेवलं, झाकण लावलं आणि आत निघून गेला. त्यानंतर तो माझ्याशी कामापुरतंच बोलायचा. काही महिन्यांनी गुरुजी गेले, तेव्हाही आम्ही दोघं दोन कोपऱ्यांत उभे होतो.

पुस्तक छापायला गेलं त्या आठवड्यात बेगडेवाडीच्या आबांचा फोन आला. आबांनी कितीतरी वर्षं गुरुजींना तबल्याची साथ केली होती.

"जुन्या बैठकीची क्यासेट घावली बग. यमन हाय तिच्यात. ऐकाय ये."

त्यांच्या ओसरीवर बसून ऐकली. ती जागा जवळ आली तशी मी पुढे सरकले. तीव्र मध्यम, अगदी स्वच्छ. पुढच्या आवर्तनात तसाच, त्याच्या पुढच्यातही तसाच. कधीतरी माझं बोट घसरलं असणार आणि तेच माझ्या हातात बसलं.

"काय झालं गं? त्वांड का उतरलं?"

"काही नाही, आबा. नेऊ का ही कॅसेट?"

"ने की. मला काय करायचीय आता?"

परतीच्या गाडीत ती माझ्या पिशवीत होती. आबांना त्या मध्यमाच्या भांडणाचा पत्ता नव्हता. दुसऱ्या कुणी ती ऐकलेली नव्हती. गप्प बसले असते तर पुस्तकात माझीच गत राहिली असती, तीही गुरुजींच्या संमतीची. लोणावळ्याला उतरून मी तासभर बाजारात उगाच फिरले. मग दादाच्या दारात गेले.

त्याने एकदा ऐकली. रिवाइंड करून पुन्हा ऐकली.

"मी चुकले, दादा."

"वर्षभर मला वाटत होतं, बाबांनी शिकवलेलं मीच विसरलो," तो म्हणाला. आवाज चढला होता. "रियाजाला बसलो की त्या जागेवर हात थांबायचा. कळतंय का तुला?"

मी त्याच्यासमोरच छापखान्यात फोन लावला आणि ते पान थांबवलं.

गुरुजींनी बोट का उचललं, हे मला अजून कळलेलं नाही. माझा सूर त्यांना आवडला, की आमच्या भांडणाला ते कंटाळले होते, की बोट नुसतंच हललं?

पुस्तकाच्या प्रकाशनाला आम्ही दोघांनी मिळून ती गत वाजवली, कॅसेटवर होती तशी. उतरताना माझा हात चुकला नाही. कार्यक्रम संपल्यावर दादा पायऱ्यांपर्यंत सोडायला आला.

"रविवारी ये," तो म्हणाला. "मारव्याच्या गती लिहायच्या राहिल्यात. त्यातही आपलं जमायचं नाही म्हणा."