इंचभर मोकळं पाकीट

पत्र पाकिटात जाईना. मी घडी पुन्हा दाबली, लाकडी पट्टीनं घासली, तरी वरची कड पाकिटाबाहेरच.

"शेठजी, हे बसत नाई."

"दाबून बसव."

"दाबलं. पाकीट फाटून राहिलं."

मी पांढुर्ण्याच्या एका छापखान्यात बाइंडिंगला होते. शिक्षण चौथीपर्यंत. कागद कापणं, घड्या घालणं, शिवणं, चिकटवणं ही माझी कामं. गोष्ट ऐंशीनंतरच्या वर्षांतली. सौंसरजवळ बोरगावला एक नवा कारखाना निघाला होता. त्यांच्या इंटरव्ह्यूच्या कॉल लेटरचं काम आम्हाला मिळालं. पत्र आम्ही छापायचं, पत्ते टाइप करून घ्यायचे, पाकिटात घालून डाकेत टाकायचं. पाकिटं कारखान्यानं दिली होती, मुंबईहून आणलेली. लांबट, समोर खिडकी कापलेली, खिडकीला आतून पारदर्शक कागद लावलेला. पाकिटावर काही लिहायचं नाही. आतल्या पत्रावरचा पत्ताच खिडकीतून दिसतो.

या पाकिटाला डी-एल म्हणतात. बाहेरच्या देशांतही याच मापाचं असतं. ते ए-फोर कागदासाठी केलेलं आहे. ए-फोरचे तीन सारखे भाग पाडून घडी घातली की ती डी-एलमध्ये नेमकी बसते. हलत नाही, म्हणून पत्ता खिडकीसमोरच राहतो. आता सगळीकडे ए-फोरच दिसतो. तेव्हा आमच्याकडे फुलस्केप चालायचा, तो जास्त लांब. ए-फोर नागपूरहून मागवावा लागला असता, म्हणून शेठजींनी पत्र फुलस्केपवर छापून टाकलं. कापून लहान करावं म्हटलं तर पानाच्या अगदी तळाशी साहेबाची सही आणि कारखान्याचा पत्ता छापलेला.

फुलस्केपचे तीन भाग केले तर घडी पाकिटापेक्षा किंचित मोठी होते. शेठजी म्हणाले, चार भाग करा. केले. घडी आत गेली, पण आता पाकिटात इंचभर जागा मोकळी राहिली. टेबलावर ठेवलं की पत्ता खिडकीत नीट दिसायचा. शेठजींनी चारदोन पाकिटं हातात धरून पाहिली.

"झालं ना? उगाच डोकं खाऊन राहिली होती."

त्याच ढिगात माझ्या भाचीचं पत्र होतं. शालिनी, माझ्या बहिणीची मुलगी, नदीपलीकडे सावरगावात राहायची. मॅट्रिक झालेली, टायपिंगची परीक्षा पास. त्या घरात मजुरीशिवाय दुसरं काम तोपर्यंत कोणी केलं नव्हतं. टायपिस्टच्या जागेसाठी तिनं अर्ज केला होता.

मी म्हटलं, "शेठजी, हे एक पत्र मी हातानं देतो. सावरगावले जाऊनच राहिली."

"नाई. सगळी डाकेतूनच जातील. आज तुही भाची, उद्या माहा साला. कंपनीले डाकखान्याची पावती दाखवा लागते."

त्यांचं बोलणं चूक नव्हतं. मी पत्र ढिगात ठेवलं आणि शालिनीला तोंडी सांगितलं, "पत्र येऊन राहिलं. चांगली साडी काढून ठेव."

"चांगली एकच तं आहे, मावशी. काढून काय ठेवू, कधीची घडी नाई मोडली तिची."

पत्र आलं नाही. इंटरव्ह्यूच्या आदल्या दिवशीही आलं नाही. मी शेठजींपुढे जाऊन उभी राहिले.

"कारखान्यात फोन करा. पोरीचं नाव यादीत आहे, पत्राबिगर आत घ्या म्हणा."

शेठजींनी चष्मा काढला. "फोन केला तं ते विचारतील, पत्र काहून नाई पोचलं. मग कागद पाहतील, हा ए-फोर नाई म्हणतील. पुढचं काम गेलं ना हातचं."

"अन् पोरीचं?"

"येईल उद्या डाकेत. नाई आलं तं आणखी निघतील जागा. ते काही म्हातारी होऊन नाई राहिली."

फोन त्यांच्या टेबलावरच होता.

दुसऱ्या दिवशी मी खाडा केला आणि शालिनीसोबत बसनं बोरगावला गेले. फाटकावर चौकीदार.

"लेटर दिखाओ।"

"भैया, लेटर पहुँचा नहीं। नाम लिस्ट में है।"

"लिस्ट अंदर है बाई, मैं बाहर हूँ।"

शालिनीनं टायपिंगचं सर्टिफिकेट पुढे केलं. तो म्हणाला, "सर्टिफिकेट तो मेरे पास भी है। देख लो, क्या कर रहा हूँ।" बोलला हसून, पण फाटक उघडलं नाही. बिनालेटरचं कोणी आत सोडायचं नाही, असा त्याला हुकूम होता. ज्यांच्या हातात पत्र होतं ती पोरं आमच्या बाजूनं आत जात होती. सगळ्यांच्या हातात मी घडी घातलेला कागद.

दुपार होईपर्यंत आम्ही उभ्या राहिलो. परतीच्या बसमध्ये शालिनी म्हणाली, "मावशी, पत्र तुह्या हातात होतं म्हणे."

"हाव. होतं."



दुसऱ्या दिवशी मी डाकखान्यात गेले. कोपऱ्यात त्या पाकिटांचा एक गठ्ठा सुतळीनं बांधून ठेवला होता. सगळ्या खिडक्यांत पत्त्याची शेवटची एकच ओळ, जिल्हा छिंदवाडा. तिच्याखाली छापलेला विषय. डाकेच्या थैलीत पाकिटं उलटी झाली की आतलं पत्र त्या मोकळ्या इंचातून सरकत होतं. नाव आणि गाव खिडकीच्या वर चढून बसलं होतं.

पोस्टमन माझ्यावरच उखडला. "नाव नाई, गाव नाई. आता जिल्हाभर हाका मारत फिरू काय, बाई?"

त्यानं सुतळी सोडली आणि पाकिटं सारखी करायला गठ्ठा टेबलावर आपटला. पत्रं खाली सरकली. वरच्या पाकिटाच्या खिडकीत एका माणसाचं नाव आलं. त्यानं दुसरं पाहिलं, तिसरं पाहिलं.

"अरे बाप्पा," तो म्हणाला. शालिनीचं पत्र त्यानं स्वतः शोधून काढलं आणि सायकलवर टाकून लगेच सावरगावला नेलं.

पत्र घेऊन आम्ही पुन्हा बोरगावला गेलो. या वेळी चौकीदारानं आत सोडलं. साहेब चांगलं बोलले, बसायला खुर्ची दिली. जागा काल भरली, म्हणाले. पुढच्या वेळी अर्ज करा. त्यानंतर माझ्या माहितीत तिथं टायपिस्टची जागा निघाली नाही. शालिनी तिच्या आईबरोबर संत्र्याच्या बागेत मजुरीला जाऊ लागली, मग लग्न होऊन काटोलकडे गेली. माझ्याशी नीट वागते. टायपिंगचा विषय मात्र आमच्यात निघत नाही.

मी शेठजींना सगळं सांगितलं. त्यांनी विचारलं, "कंपनीची काही तक्रार आली काय?"

नव्हती आली. जेवढे लोक पोहोचले तेवढ्यांत कारखान्याच्या जागा भरल्या. त्यांना काहीच कमी पडलं नाही. पुढचं कामही आम्हालाच मिळालं, आणि या वेळी शेठजींनी नागपूरहून ए-फोर मागवला.

छापखान्यात माल परत आला नाही, तर काम बरोबर झालं असं धरतात. त्या पत्रांपैकी एकही परत आलं नाही.