यादीबाहेरचं मेंढरू

मुलगी दहावी पास झाली म्हणून मी ऑफिसात पेढे वाटले, तेव्हा आमच्या प्रोग्रामरने आधी बॉक्सचं झाकण उचललं, वाकून पाहिलं, "आत काय हाय?" असं विचारलं आणि मग अभिनंदन केलं. बॉक्सवर पेढ्यांचं चित्र होतं. तुमच्याही ऑफिसात असा एखादा असेल. बायकोने भरून दिलेला डबादेखील तो आधी हुंगायचा.

बारामती एमआयडीसीतली आमची छोटी कंपनी गावोगावच्या दूध संकलन केंद्रांसाठी सॉफ्टवेअर करते. प्रत्येक केंद्रावरचं फॅट मोजायचं मशीन किंवा त्याची सेटिंग वेगळी, म्हणून प्लग-इनही वेगळं. प्लग-इन म्हणजे एक फोल्डर. त्यात फाइली, आणि आत काय-काय आहे याची यादी. ते केंद्रावर पाठवायचं काम माझं. पण आधी ते त्याने लिहिलेल्या स्क्रिप्टमधून, म्हणजे तपासणीच्या छोट्या प्रोग्राममधून, जायला हवं. कॉम्प्युटरवरच्या काळ्या खिडकीत तो एक ओळ टाइप करायचा. स्क्रिप्ट यादी आणि फाइली ताडून पाहायची आणि 'पास' किंवा 'परत' एवढंच सांगायची.

यादीतलं काही नसेल तर परत, हे मला कळायचं. यादीबाहेरचं काही सापडलं तरी परत, हे कळत नव्हतं.

"असू दे की एखादी फाइल जास्त. खाते का काही ती?"

"मॅडम, आमच्या आज्याची मेंढरं व्हती. सांजच्याला जाळीत घेताना एकेक बघायचा. कमी झालेलं कुणालाबी कळतं. दुसऱ्याच्या कळपातलं आत आलं की न्हाय कळत. आन् तेच खरूज घेऊन येतं."

मग कळंबचं केंद्र आलं. उद्‌घाटन दुसऱ्या दिवसावर, मांडव घातलेला. मशीन विकणाऱ्याने फोल्डर तयारच आणून दिलं. स्क्रिप्ट म्हणाली, परत. याच विक्रेत्याचं, याच मशीनचं पिंपळीचं फोल्डर नुकतंच पास झालं होतं.

विक्रेता माझ्याकडे झुकला. "ताई, तुमच्या माणसाला काही पाहिजे असेल तर तसं सांगा."

मला राग आला, पण ते वाक्य डोक्यातून जाईना. त्यात कळलं, की कळंबच्या केंद्राचे चेअरमन म्हणजे आमच्या या प्रोग्रामरचे सख्खे मामा, आणि जमिनीवरून त्यांचं याच्या आईशी बिनसलेलं. मी मनात ठरवून टाकलं: हा सूड उगवतोय.

तेवढ्यात मामांचाच फोन आला. त्याने स्पीकरवर टाकला. लपवायचं नव्हतं म्हणून, की मला ऐकवायला, कोण जाणे.

"बापू, उद्या पाव्हणं येत्यात. तुझं ते मशीन का काय, त्याला सांग की जरा."

"मामा, तुमच्या गोठ्यात अनोळखी म्हैस शिरली, तर दावणीला बांधाल व्हय?"

"लई शाना झालास! आईवर गेलास."

फोन बंद झाला. तो कान चोळत म्हणाला, "उद्या नारळ न्हाय फुटला, तर मामा मला जल्मात दारात उभं करायचा न्हाय."

मी खुर्ची ओढली. "दोन्ही फोल्डर उघड. माझ्यासमोर."

त्याला वाईट वाटलं नाही. उलट पहिल्यांदाच तो माझ्यावर खूश दिसला. "बघा की. माझ्यावरबी इश्वास ठेवू नका."

विक्रेत्याने वेळ वाचवायला पिंपळीचं फोल्डर कॉपी करून नाव बदललं होतं. यादी नवी लिहिली, पण पिंपळीच्या मशीनची सेटिंगची फाइल आत तशीच राहिली. पिंपळीच्या केंद्रावर गाईचं दूध येतं, कळंबच्या केंद्रावर म्हशीचं. मशीनने तीच फाइल उचलून म्हशीचं दूध गाईच्या मापाने मोजलं असतं आणि अख्ख्या गावाची फॅट कमी दाखवली असती. फाइलीचा संशय कुणालाच आला नसता. दुधात पाणी घातल्याचा संशय मात्र सगळ्यांनी एकमेकांवर घेतला असता.

दुरुस्त फोल्डर उशिरा गेलं. मांडव रिकामा राहिला, पाहुणे आलेच नाहीत, मामांनी भाच्याशी बोलणं टाकलं. मी फोन करून कारण सांगितलं, तर म्हणाले, "तुमी त्याच्याच हापिसातल्या."

पुढे तो हैदराबादला मोठ्या नोकरीवर गेला. स्क्रिप्ट आता मी चालवते.

गेल्या महिन्यात मामा ऑफिसात आले. डोक्याला पटका, हातात स्टीलचा डबा. त्याची खुर्ची कुठली ते विचारलं आणि तिच्याकडे बघत उभे राहिले.

"तो हैदराबादला असतो आता," मी म्हटलं.

"ठावं हाय. म्हैस व्यालीय. खरवस हाय. बापूला लई आवडायचा. तुमीच खावा."

मी डब्याला हात घातला. मामांनी तो मागे ओढला, झाकण काढलं आणि डबा माझ्यासमोर तिरका धरला.

"आदी आत बघून घ्या."